तवलीला आधी पेज पाजा

(भवानीनगर, ता. इंदापूर येथील एका महिला बचत गटाने रेडिओवर केलेले भाषण)

चुलीपुढं, गोठ्यात, रानात, जिथं कुठं रेडिओ लावून ऐकत असाल तिथल्या सगळ्या आयाबहिणींना भवानीनगरच्या आमच्या गटाचा रामराम.

आम्ही बाराजणी आहोत. कुणाचे मालक कारखान्यावर, कुणाचं रान कालव्याखाली, कुणाच्या दारात चार म्हशी. दर महिन्याला पैसे भरायचे, अंतर्गत कर्ज द्यायचं, वहीत हिशेब लिहायचा, हे तुम्ही सगळ्याच करता. ते नव्यानं सांगायला नको. आज आम्ही आलोय स्वयंपाकाच्या मातीच्या भांड्याविषयी बोलायला. कुणी त्याला हंडी म्हणतं, कुणी मडकं, कुणी तवली. आम्ही तवली म्हणू. आणि सुरुवात आमच्या हातून झालेल्या चुकीपासून करू, कारण ती चूक झाली नसती तर तुम्हाला सांगण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतंच.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका जत्रेत आमच्या गटाला खाण्याचा स्टॉल मिळाला. ठरलं असं की हुलग्याची शेंगोळी, वांग्याची आमटी आणि मटणाचा रस्सा मातीच्या तवलीत शिजवायचा आणि तवलीतूनच वाढायचा. शहरातल्या लोकांना त्याची हौस असते. जवळच्याच गावातल्या कुंभारमावशींकडून पंधरा तवल्या घेतल्या. दोनशे रुपयाला एक, म्हणजे तीन हजार झाले. ते गटाच्या पैशातून घेतले, वहीत लिहिले. जत्रेच्या आधी चार दिवस तवल्या घरी आल्या आणि आम्ही लगेच रंगीत तालीम करायला बसलो.

पहिली तवली साबणानं घासली, विसळली आणि ओलीच मोठ्या शेगडीवर चढवली. आच मोठी. आत तेल, तेल तापलं, कांदा-लसणाचं वाटण परतलं, मसाला टाकला, वास असा सुटला की शेजारच्या डोकावायला लागल्या. मग एकीनं हंड्यातलं गार पाणी तांब्याभर ओतलं. टक् असा आवाज झाला. आम्हाला वाटलं, झाकण पडलं. बघतो तर तवलीच्या बुडाला आडवी चीर आणि रस्सा सगळा शेगडीत.

दुसरीत आमटी चांगली झाली, पण उतरवून ठेवली ती नुकत्याच धुतलेल्या ओल्या फरशीवर. तीही गेली. तिसरीत रात्रभर रस्सा ठेवला, सकाळी बघितलं तर बाहेरून सगळी पाझरलेली, कट्ट्यावर तेलाचं थारोळं. त्या दोन दिवसांत सहा तवल्या गेल्या. उरलेल्या नऊमधल्या काहींत शिजवलेल्या भाताला साबणाचा वास यायला लागला.

आता इथं खरं सांगतो. आम्ही काय करायला हवं होतं, तर शांत बसून विचार. आम्ही काय केलं, तर फुटक्या तवल्यांचे तुकडे पोत्यात भरले आणि चौघीजणी कुंभारमावशींच्या दारात गेलो. माल कच्चा दिला म्हणालो. आमच्या गटाचे पैसे आहेत म्हणालो. एक जण तर बोलून गेली, की जत्रा म्हणून आम्हाला टाकाऊ माल गळ्यात मारला. मावशींनी पोत्यातला एक तुकडा उचलला, बोटानं त्याच्या कडेवर घासून बघितला, घरात गेल्या आणि बाराशे रुपये आणून आमच्या हातावर ठेवले. एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही जिंकल्यासारख्या घरी आलो. जत्रेत स्टीलच्या पातेल्यातच शिजवलं.

जत्रा झाल्यावर हिशेबाला बसलो होतो. आमच्यातल्या एकीच्या आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं. कान तिखट. त्यांनी विचारलं, "तवल्यांस्नी पेज पाजली हुती का?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. "भिजत घातल्या हुत्या का?" नाही. "पयल्यांदा काय शिजावलं?" मटण, म्हणालो. आत्याबाईंनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. म्हणाल्या, "मग कुंभारणीनं काय करावं बायांनो? तान्ह्या लेकराला तुमी भाकर चारली."

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींकडं परत गेलो. पैसे घेऊन. ते पैसे त्यांनी घेतले की नाही ते पुढं येईल. आधी त्यांनी आणि आत्याबाईंनी जे शिकवलं ते सांगतो.

मातीचं भांडं म्हणजे भाजलेली माती. ती वरून गुळगुळीत दिसली तरी आतून बारीक बारीक छिद्रांनी भरलेली असते. डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. कुंभार माती तुडवताना त्यात लीद, राख मिसळतो. आव्यात भांडं भाजताना लिदीतली गवताची बारीक चोथरी जळून जाते आणि तिथं पोकळी राहते. हीच छिद्रं तुमच्या माठात असतात. उन्हाळ्यात माठ बाहेरून ओलसर लागतो ना? आतलं पाणी त्या छिद्रांतून बाहेर येतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ गार. म्हणजे माठाची छिद्रं उघडी हवीत. म्हणून माठाला तेल लावायचं नाही, पेज पाजायची नाही, आतून साबण तर कधीच नाही.

तवलीचं बरोबर उलटं. तिची छिद्रं बुजायला हवीत. उघडी राहिली तर त्यात पाणी शिरतं, पाणी आचेवर वाफ होतं, वाफेला जागा लागते आणि ती जागा ती भांडं फोडून करते. शिवाय माती उष्णता हळू नेते. लोखंडी तव्यासारखी भराभर सगळीकडं पसरवत नाही. बुड तापून फुगतं, काठ अजून गारच असतो, आणि दोघांच्या ओढाताणीत चीर पडते. तापल्या तवलीत गार पाणी ओतलं की हेच आतून होतं, ओल्या फरशीवर ठेवली की बाहेरून होतं. म्हणजे आमच्या सहा तवल्या मावशींनी नाही, आम्ही फोडल्या होत्या. एकेक वेगळ्या तऱ्हेनं.

आता पेज. तांदूळ शिजला की त्यातली खळ सुटते. सुती साडीला आपण खळ देतो तीच. गरम पाण्यात ती फुगते, चिकट होते आणि तवलीच्या छिद्रांत जाऊन बसते. गार झाली की तिथंच घट्ट होते. पेज पाजणं म्हणजे तवलीला आतून खळ देणं.

ही युक्ती आपल्या आत्याबाईंचीच आहे असं आम्हाला वाटत होतं. आमच्या गटातल्या एकीची मुलगी पुण्यात शिकते, तिनं सांगितलं की जपानातही मातीच्या भांड्यात भात शिजवतात. त्या भांड्याला दोनाबे म्हणतात. इगा नावाच्या गावची माती त्यासाठी नावाजलेली, कारण ती एका जुन्या सरोवराच्या तळाची आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या झाडापाल्याचा अंश तिच्यात असतो, तो भाजताना जळतो आणि बारीक पोकळ्या राहतात. आपल्याकडं लीद मिसळून जे करतात ते तिथं मातीनं आधीच करून ठेवलंय. आणि नवीन दोनाबे घरी आणला की तिथल्या बायका पहिल्यांदा काय करतात? त्यात तांदळाची पातळ पेज शिजवतात. त्या कामाला त्यांचा शब्द आहे मेदोमे. त्यातल्या 'मे'चा अर्थ डोळा, आणि छिद्रही. म्हणजे भांड्याचे डोळे बुजवायचे. आत्याबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग? त्यांच्या सासवा काय अडाणी असतील व्हय?"

तर आता कृती. सुरुवात विकत घेण्यापासून, कारण तिथं चुकलं तर पेज काही करू शकत नाही.

तवली एका हातावर तोला आणि बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत आवाज आला तर नीट भाजलेली. बद्द आवाज आला तर एक तर कच्ची किंवा कुठं तरी बारीक तडा. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलेली आहे. थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर वाजवत गेले आणि कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं. नामदेवांना राग आला. भांड्यांना राग येत नाही, खुशाल वाजवून घ्या. मग आत पाणी भरून थोडा वेळ ठेवा. बाहेरून दमटपणा आला तर चालेल, नव्या तवलीला तो येणारच. पण एकाच जागी थेंब जमला, तर तिथं चीर आहे.

रंगाकडं नीट बघा. ओलं फडकं घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर ती तवली शोभेची आहे, घरात ठेवा, फुलं ठेवा, शिजवू नका. काळी तवली धुरानं काळी केलेली असते, आवा झाकून धूर आत कोंडतात तेव्हा तो रंग येतो, तो चालतो. ऑइलपेंटनं किंवा पॉलिशनं काळी केलेली चालत नाही. संक्रांतीची सुगडं आणि दिवाळीची रंगवलेली बोळकी स्वयंपाकाला घ्यायची नाहीत. आणि काचेसारखी चकचकीत, रंगीत लुकण दिलेली भांडी बाजारात येतात. त्यातल्या काही लुकणांत शिसं असतं. चिंच, टोमॅटो, ताक असलं आंबट त्यात शिजवलं की ते शिसं अन्नात उतरतं. लहान मुलांना आणि पोटुशी बाईला ते फार वाईट. विकणाऱ्याला नीट सांगता येत नसेल तर साधी, बिनलुकणाची, लाल मातीची तवलीच घ्या.

घ्यायची तर उन्हाळ्यात घ्या. आपल्याकडं तुकोबांची पालखी सणसरचा मुक्काम करून बेलवडीच्या रिंगणाला पुढं गेली, की मावशींचं चाक थंडावतं. पावसाळ्यात कच्चं भांडं वाळतच नाही.

घरी आणल्यावर साबण लावू नका. कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, साध्या पाण्यानं विसळा, आणि मोठ्या बादलीत किंवा टाकीत पूर्ण बुडवून ठेवा. बुडबुडे येतील. छिद्रांतली हवा बाहेर पडते आणि पाणी आत जातं. एक दिवस आणि एक रात्र राहू द्या. मग काढून सावलीत एक दिवस आणि नंतर उन्हात अर्धा दिवस वाळवा. इथं घाई करणारी बाई तवली गमावते, हे आम्ही अनुभवानं सांगतो. बाहेरून कोरडी दिसली तरी बुडाला गाल लावून बघा. गार लागलं तर अजून पाणी आहे.

मग पाऊण तवली पाणी घ्या. त्यात दोन मुठी तांदळाच्या कण्या टाका. कण्या नसतील तर रात्रीचा उरलेला भात मूठ-दोन मूठ टाकला तरी चालतो. बारीक आचेवर ठेवा. पहिली दहा मिनिटं तर आच इतकी बारीक, की तुम्हाला वाटेल गॅस विझलाय. हळूहळू उकळी येऊ द्या, मग तासभर रटरटू द्या, अधूनमधून लाकडी पळीनं हलवा. पेज घट्ट झाली की आच बंद करा आणि तवली तिथंच सोडून द्या. ओतू नका. गार होताना खळ आत घट्ट होते, खरं काम तेव्हाच होतं. संध्याकाळी पेज केली तर सकाळी काढा. पेज वाया जात नाही, म्हशीच्या आंबवणात घाला. साध्या पाण्यानं विसळून पुन्हा वाळवा.

आत्याबाई म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी तांदूळ सणालाच दिसायचा, तेव्हा त्यांची आई ज्वारीच्या कण्यांची पेज पाजायची. आम्ही दोन्ही करून पाहिलं. तांदळाची एकदा पुरली, ज्वारीची दोनदा द्यावी लागली. ज्वारीची दिलेल्या तवलीला आतून जरा करडा रंग येतो, त्यात बिघडत काही नाही.

तेलाचं काय, असं बायका विचारतात. काही ठिकाणी सांगतात, तेल चोळून उन्हात ठेवा. आम्ही पेज न पाजता नुसतं तेल लावून एक तवली पाहिली. चिकट झाली आणि महिन्याभरात खवट वास यायला लागला. पेज पाजून झाल्यावर, वाटलं तर, करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा एक हात आतून फिरवा. आधी नको.

पहिले चार-पाच स्वयंपाक सौम्य ठेवा. भात, मुगाचं वरण, कढण, हुलग्याचं माडगं. यातल्या प्रत्येकानं तवली थोडी आणखी बुजत जाते. मटण, चिंचेची आमटी नंतर. आम्ही सुरुवातच मटणानं केली होती, ते वर सांगितलंच.

आता रोजची वागणूक. गॅसवर ठेवताना खाली जाळी ठेवा, नाही तर जुना लोखंडी तवा, म्हणजे आच एका जागी लागत नाही. इंडक्शनच्या शेगडीवर मातीचं भांडं चालतच नाही, ती शेगडी लोखंडालाच ओळखते. चुलीवर करणार असाल तर पाचट घालू नका. आपल्याकडं पाचटाला तोटा नाही म्हणून हात तिकडंच जातो, पण पाचट भडकतं आणि विझतं, भडकतं आणि विझतं, आणि तवलीला हेच सोसत नाही. शेणी लावा. मंद, एकसारखी धग लागते. निखारे पडले की मग तवली ठेवा, जाळावर नको.

रिकामी तवली तापवायची नाही. फोडणी तवलीत द्यायची असेल तर तेलाबरोबर थोडं पाणी किंवा कांदा आधी आत हवा. आम्ही मात्र फोडणी कढल्यात करून वरून ओततो, सोपं पडतं. मध्येच पाणी घालायचं तर गरम घाला. शेजारी एक तपेली उकळत ठेवायची सवय लावून घ्या. स्टीलचं उलथनं लावू नका, लाकडी पळी वापरा. उतरवल्यावर चुंबळीवर ठेवा. नवीन सुनांना चुंबळ माहीत नसेल तर जुन्या साडीची पट्टी गोल गुंडाळून कडं करायचं, डोक्यावर घागर घेताना करतो तसं. आणि तवली उतरली तरी आतला रस्सा बराच वेळ रटरटत राहतो, त्यामुळं थोडं कच्चं असतानाच आच बंद करा. गॅस वाचतो तो इथं. सुरुवातीला उलट जास्तच लागतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

धुताना साबण नको, पावडर नको. छिद्रांत जाऊन बसतं आणि पुढच्या भाताला वास येतो. गार झाल्यावर कोमट पाणी घाला, तासभर भिजू द्या, मग नारळाच्या काथ्यानं आणि राखेनं घासा. तारेची घासणी नको. फार तेलकट असेल तर चमचाभर बेसन किंवा ज्वारीचं पीठ चोळा, तेल ओढून घेतं. तळाला करपलं तर पाणी घालून बारीक आचेवर उकळा, आपोआप सुटतं. धुऊन झाल्यावर आडवी, तोंड वाऱ्याकडं करून वाळवा आणि वाळल्यावरही झाकण घट्ट बसवून ठेवू नका. पावसाळ्यात वापर नसेल तर महिन्यातून एकदा ऊन दाखवा.

बुरशी आली तर घाबरायचं कारण नाही. पण नुसती पुसून वापरू नका. काथ्यानं घासा, पाणी भरून चांगलं उकळा, ओता, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग पुन्हा पेज पाजा. तरीही वास येत राहिला किंवा बुरशी परत आली, तर त्या तवलीचा स्वयंपाक संपला. त्यात कोथिंबीर लावा.

केसासारखी बारीक चीर दिसली आणि पाझरत असलं तर पेज पाजल्यावर बहुतेक वेळा बंद होते. नख अडकेल इतकी चीर असली तर ती गेली. सिमेंट, एमसील लावून त्यात शिजवू नका. आमच्यातल्या एकीनं ते केलं होतं. कोण ते रेडिओवर सांगत नाही.

दुधाची तवली वेगळी, मटणाची वेगळी. माती वास धरून ठेवते. दुधाच्या तवलीत एकदा रस्सा केला तर पुढचं दही लसणाचं लागतं. आणि शिजवलेलं आंबट रात्रभर तवलीत ठेवू नका, काढून घ्या.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मोबाइलवर फिरतं, की मातीच्या भांड्यात खाल्लं की साखर जाते, गुडघे बरे होतात, रक्त वाढतं. असं काही आम्हाला दिसलेलं नाही. रक्त कमी असेल तर गोळ्या घ्या, पालेभाजी खा, लोखंडी कढईत भाजी करा. तवलीत हळूहळू शिजल्यावर शेंगोळीला आणि आमटीला जी चव येते तेवढ्यासाठी तवली वापरा. कुकरही ठेवा. सकाळी पोरांचे डबे करायचे असतात तेव्हा आम्हीही कुकरच लावतो.

हे सगळं काही आजकालचं नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली. घरं, चुली, रांजण, लाल भांड्यांवर काळी नक्षी, आणि कुंभाराची भट्टीसुद्धा. घोड नदी पुढं भीमेला मिळते आणि भीमा आपल्या इंदापूरच्या कडेनं जाते. त्या बायकांनी पेज पाजली होती का, ते मातीत लिहिलेलं नाही. पण रोज नवीन तवली त्यांनाही परवडत नसणार.

तर मावशींचं राहिलं. आम्ही बाराशे रुपये घेऊन गेलो तेव्हा त्या माती तुडवत होत्या. पायांवर गुडघ्यापर्यंत माती. आम्ही म्हणालो, चूक आमची होती. त्या म्हणाल्या, "मला तवाच कळलं हुतं. तुकडा घासला तर साबणाचा वास आला." मग आम्ही विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीत? आणि तवल्या देताना पेजेचं का सांगितलं नाही? त्यांचं उत्तर आम्ही जसंच्या तसं सांगतो. "पूर्वी कुनाला सांगावंच लागत नव्हतं. आता सांगितलं तर गिऱ्हाईक म्हणतंय, एवढी कटकट आसंल तर नकोच. आन् तुमी चौघी एकदम बोलत हुता, मी एकटी कुठं बोलू?"

यावर आम्हाला बोलायला काही नव्हतं. माती आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची, तुडवायची, चाकावर घालायची, थापटून आकार द्यायचा, सावलीत वाळवायची, आवा लावायचा, आणि आव्यातून काढताना काही फुटलेली निघणारच. या सगळ्याचे दोनशे रुपये. त्यातले सहा तवल्यांचे आम्ही दमदाटी करून परत आणले होते. मावशींनी पैसे घ्यायला आधी नाही म्हटलं. मग घेतले, मोजले आणि त्यातले दोनशे परत दिले. म्हणाल्या, एक तवली त्यातली खरंच कच्ची होती, तुकड्याच्या कडेवरून कळलं, आत काळा पट्टा होता. आम्हाला ते कळलंही नसतं.

त्यानंतर आम्ही असं केलं. मावशींकडून तवल्या घ्यायच्या, गटातल्या दोघीतिघींनी त्या भिजवायच्या, वाळवायच्या, पेज पाजायची आणि पेज पाजलेली तवली म्हणून विकायची. तवलीमागं सत्तर रुपये वर घेतो. त्यातले वीस मावशींना, पन्नास गटाला. पहिल्या उन्हाळ्यात चाळीस विकल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात त्याहून कमी, कारण आमच्यातल्या दोघींच्या घरी लग्नं होती आणि भिजवायला माणूस नव्हतं. फुटून परत आलेल्या दोन. एक मांजरीनं पाडली होती, तिचे पैसे आम्ही दिले नाहीत. दुसरी एका ताईंनी ओली असतानाच गॅसवर ठेवली होती. त्या तावातावानं आमच्या दारात आल्या होत्या. आम्ही त्यांना आधी चहा दिला, मग तुकडा हातात घेऊन समजावून सांगितलं, आणि दुसरी तवली निम्म्या पैशात दिली.

तुमच्यापैकी कुणाकडं नवीन तवली घरात पडून असेल, जत्रेतून हौसेनं आणलेली, तर आत्ता हा कार्यक्रम संपला की तिला पाण्यात बुडवा. उद्या याच वेळेला बाहेर काढा आणि सावलीत ठेवा. परवा दुपारी बुडाला गाल लावून बघा. कोरडी ठणठणीत असेल तरच संध्याकाळी पेज करायला घ्या. ढगाळ हवा असेल तर आणखी एक दिवस थांबा.

रामराम.